वरच्या सहा ओळी

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार पोचला असं समज, कारण पुढे सगळा राग आहे.

तू मला तुझा जुना लॅपटॉप दिलास, दोन दिवस शेजारी बसून सगळं बसवून दिलंस, आणि सुट्टी संपली म्हणून तुझ्या डोंगरावरच्या हवामान केंद्रावर निघून गेलास. तिथे फोन लागत नाही आणि टपाल आठवड्यातून एकदा सामानाच्या गाडीबरोबर चढतं. विहिरीत उतरवून दोर कापणं म्हणतात ते हेच.

तू म्हणाला होतास, प्रबंधाचा मजकूर एडिटरमध्ये साध्या अक्षरांत लिहायचा, पानं कशी दिसतील याची काळजी करायची नाही. फाईल सेव्ह केली की एडिटरला जोडलेलं ते प्लगइन आपणहून मजकूर लाटेक या पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामकडे देईल आणि समास, तक्ते, संदर्भसूची सगळं जागच्या जागी बसून छापण्याजोगी पीडीएफ तयार होईल. मी लिहिलं. सेव्ह केलं. खाली हिरव्या अक्षरांत ‘पूर्ण झालं’ असं आलं. पीडीएफ उघडली, तर तिच्यात तू जायच्या दिवशी टाकलेलं एकच वाक्य: ‘येथे मजकूर येईल.’

तिथे मजकूर येत नाही, दादा. तीन प्रकरणं झाली, हॉस्पिटलांच्या धुलाईखान्यांतल्या दोनशे बारा बायकांच्या हातांचे तक्ते झाले, आणि ती पीडीएफ अजून तेच वाक्य धरून बसली आहे.

शेवटची तारीख ३१ मार्च. मुदतवाढ एकदाच मिळते, ती मी घेऊन झाली आहे. ही तारीख हुकली तर माझी नोंदणी रद्द, आणि ज्या बायकांनी ताटकळत उभं राहून मला हात दाखवले त्यांचं सगळं माझ्या कपाटात. विभागाला प्रबंध लाटेकच्या साच्यातच हवा आहे, त्यामुळे दुसरी वाट नाही. काय करू ते लवकर कळव.

आईने विचारलंय की तू सांगितलेले हातमोजे आतून ओले होतात, त्यावर काय करायचं. धुलाईखान्यात ती सगळ्यांना सांगते, आमचा डॉक्टर औषधाचा नाही, धुक्याचा आहे, पण सांगतो बरोबर.

तुझी
मास्तरीण


११ फेब्रुवारी

मास्तरीणबाई,

गाडीतून या वेळी बटाटे, बॅटऱ्या आणि तुझं पत्र उतरलं. तिन्हींत जड तेच.

घाबरू नकोस. पीडीएफ बंद करून पुन्हा उघड. नाही झालं तर फोल्डरमधल्या उरल्यासुरल्या फायली, त्या अर्धवट नावांच्या, पुसून टाक आणि परत सेव्ह कर. बहुतेक तेवढ्याने होईल.

फक्त प्रत्येक प्रकरणाच्या वरच्या सहा ओळींना हात लावू नकोस. त्या टक्क्याच्या चिन्हाने सुरू होतात. असली ओळ यंत्र वाचतच नाही, ती माणसांसाठीची टिपणं असतात. माझ्या जुन्या साच्यातल्या आहेत, चाचणी झाल्यावर निघता निघता चिकटवल्या, राहू देत.

मामीला सांग, आत सुती मोजे घालून वर रबराचे घालायचे. आणि मी धुक्याचाही काही मोठा नाही, हेही सांग.

दादा


१४ फेब्रुवारी

दादा,

पीडीएफ बंद केली, उघडली. फायली पुसल्या. लॅपटॉप बंद करून चालू केला. टेबलही पुसलं. ‘येथे मजकूर येईल.’

एक नवीन गोष्ट सापडली आहे. ‘पूर्ण झालं’च्या आधी पिवळ्या अक्षरांत एक इशारा झरकन येऊन जातो. तो मी कागदावर उतरवून घेतला. पान १४१ वर दिलेला एक संदर्भ यादीत सापडत नाही, असं तो म्हणतो. माझी सगळी पानं धरली तरी नव्वदच्या वर जात नाहीत. आणि त्या संदर्भाच्या नावात ‘धुकं’ आहे. माझ्या प्रबंधात वाफ आहे, दादा, धुकं नाही.

प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला दाखवलं. त्याने खुर्ची मागे सरकवून हात वर केले. “हे बसवलं कोणी?” म्हणाला. मी सांगितलं. “मग त्यांनाच विचारा. मी हात लावला की उद्या बिघडलेलं सगळं माझ्या नावावर.”

म्हणून तुलाच विचारते आहे. हे पान १४१ कुणाचं?

मास्तरीण


२० फेब्रुवारी

मास्तरीण,

जुनं काहीतरी अडकलं असेल, त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष कर. नवं फोल्डर करून सगळी प्रकरणं त्यात उतरव. प्लगइन काढून परत बसव. इथे वारा फार आहे, दोन उपकरणं उलटली आहेत, म्हणून थोडक्यात लिहितो.

दादा


२६ फेब्रुवारी

दादा,

तू ‘थोडक्यात’ लिहितोस आणि माझा त्यात आठवडा जातो. प्रश्न चढायला तीन दिवस, उत्तर उतरायला तीन दिवस, आणि उत्तर काय, तर दुर्लक्ष कर.

तरी सांगितलंस तसं सगळं केलं. नवं फोल्डर. प्लगइन काढलं, परत बसवलं. प्रत्येक प्रकरण उतरवताना वरच्या सहा ओळी अक्षर न अक्षर ताडून पाहिल्या, कारण तू बजावलं होतंस. सेव्ह. हिरवी अक्षरं. आता तर पीडीएफच नाही. यंत्र म्हणतं पूर्ण झालं, आणि फोल्डरमध्ये कागदाचा कपटासुद्धा नाही. मग पूर्ण काय झालं आणि कुठे झालं? दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला, तसं गेले तीन आठवडे चाललं आहे.

काल प्रबंध-विभागात गेले होते. तिथल्या मॅडम स्टीलची पट्टी घेऊनच बसतात. माझ्यापुढच्या मुलाचा डावा समास अडतीस मिलिमीटरऐवजी छत्तीस भरला, तर त्याचा गठ्ठा त्यांनी एका बोटाने परत ढकलला. मी विचारलं, कच्ची प्रत कधी आणू? म्हणाल्या, “आणा कधीही, एकतीसला पाच वाजता खिडकी बंद होते.” माझ्याकडे ढकलून द्यायलासुद्धा गठ्ठा नाही.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, “घरात डॉक्टरेट झालेला भाऊ असताना रडतेस काय?” मी हसले. तुझं नाव खाली जाऊ नये म्हणून हसले, हे लक्षात ठेव.

आमच्या घरात तुझ्यामाझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मला कुणी हे जमणार नाही म्हटलं की मी तुझ्याकडे बोट दाखवते. आमच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तू अभ्यास केलास, आई तुझ्या शर्टांना इस्त्री करायची, आणि तू डॉक्टर झालास. मग मला का नाही जमणार? हे मी शंभर जणांना सांगितलं असेल. तेव्हा कृपा करून एक पत्र नीट, सविस्तर लिही.

मास्तरीण


४ मार्च

मास्तरीण,

बराच विचार केला. सगळ्यात सोपं म्हणजे तुझी प्रकरणं पेनड्राइव्हवर घे, लॅपटॉप एखाद्या दुकानात दे आणि सगळं पुसून कोरा करून माग. मग त्यांच्याकडूनच एडिटर नव्याने बसवून घे. ते एका दिवसात करून देतील. माझ्या त्या साच्याच्या नादी लागू नकोस, सहा ओळीही नकोत.

त्यात माझं म्हणून जे काही असेल ते गेलं तरी चालेल. महत्त्वाचं काही नाही. दुकानदाराला सांग, उघडून बघत बसू नका, थेट पुसा.

दादा


१० मार्च

दादा,

लॅपटॉप पिशवीत घालून निघाले होते, पण दारापर्यंतच पोचले.

आई दुपारची पाळी करून आली होती. पायातल्या चपला काढता काढता तिने विचारलं, कुठे. मी सांगितलं, सगळं पुसून आणायला. मी लिहिते ते जातं कुठे, हेच कुणाला कळत नाही.

ती म्हणाली, “हरवत नाही काही. आमच्याकडे दिवसाला हजार चादरी येतात, हरवते का एक तरी? दुसरीकडे जाते फक्त.”

“पण कुठे?”

“कोपऱ्यावर असेल तिथे. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्याला वॉर्डाची चिंधी शिवलेली असते. तू ती कुठल्याही वॉर्डातून आण, कितीही वेळा धू, चिंधीवर प्रसूती असेल तर ती प्रसूतीलाच जाणार. नवीन बाई चादर उलगडून डाग बघत बसते. आम्ही आधी कोपरा बघतो.” मग तिने विचारलं, “तुझ्या या कागदाचा कोपरा कुठला?”

मी तिथेच दारात लॅपटॉप उघडला. कोपरा म्हणजे पहिली ओळ. जी यंत्र वाचत नाही, म्हणून मीही वाचली नव्हती. जी मी पाच प्रकरणांवर जपून, ताडून उतरवली होती. तिच्यात टक्क्याच्या चिन्हापुढे ‘मूळ फाईल’ असं होतं आणि मग पत्ता. तो पत्ता माझ्या फोल्डरचा नव्हता. ‘जुने’, त्याच्या आत ‘प्रबंध’, त्याच्या आत ‘अपुरा’.

मग प्लगइनची माहितीपानं उघडली, जी मी महिन्यापूर्वी वाचायला हवी होती. तिथे स्वच्छ लिहिलंय: टक्क्यापुढचं काही लाटेक वाचत नाही, पण ही एक ओळ प्लगइन वाचतं, आणि तिच्यात जी मूळ फाईल सांगितली असेल तीच छापायला घेतं.

म्हणजे मी बायकांच्या हातांवर लिहून जेव्हा जेव्हा सेव्ह केलं, तेव्हा तेव्हा आत कुठेतरी तुझा धुक्यावरचा प्रबंध नव्याने मांडला जात होता. दिवसाला पन्नास वेळा तरी. एकशे त्रेसष्ट पानं. समास मोजले, अडतीस मिलिमीटर बरोबर. अर्पणपत्रिकेवर दोनच शब्द: ‘मामीला, कृतज्ञतेने.’ शेवटच्या पानावर ‘प्रकरण सहा: निष्कर्ष’, आणि खाली काही नाही. फाईलवरची तारीख सहा वर्षांपूर्वीची.

पान १४१ वाचलं तेव्हा तुला कळलं होतं. निदान त्या दिवशी तरी. ‘पहिली ओळ बदल’ हे तीन शब्द लिहिले असतेस तर माझे दोन आठवडे वाचले असते. त्याऐवजी तू मला फायली पुसायला लावल्यास, फोल्डर बदलायला लावलंस, आणि शेवटी तुझा स्वतःचा प्रबंध दुकानदाराकडून न बघता पुसून घ्यायला निघालास. इतकी लाज वाटत होती? मग तीच लाज मला एकतीस तारखेच्या खिडकीवर वाटली असती तर चाललं असतं?

आई विचारते आहे, काय सापडलं. मी अजून सांगितलेलं नाही.


१७ मार्च

मास्तरीण,

तुझ्या पत्राखाली सही नव्हती. बरोबर आहे.

हो, पान १४१ वाचलं तेव्हा कळलं. त्याआधी खरंच लक्षात नव्हतं, तेवढं तरी खरं मान. त्या दिवशी मी ‘पहिली ओळ बदल’ असं लिहिलंही होतं. मग वाटलं, बदलायची म्हणजे तू ती वाचणार. वाचली की फोल्डर उघडणार. तो कागद चुलीत घातला आणि दुसरा लिहिला.

सहा वर्षांपूर्वी माझ्या दोन हिवाळ्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. माझे सर म्हणाले, दुसरा हिवाळा गाळून टाक, निष्कर्ष सरळ येतो. ते मला पटेना, आणि दोन्ही ठेवून काय लिहावं तेही सुचेना. शेवटचं प्रकरण आज लिहू, उद्या लिहू करत राहिलो. मधेच एका संध्याकाळी तुमच्याकडे आलो, तर मामीने सगळ्यांसमोर विचारलं, “झाला का रे डॉक्टर?” मी म्हणालो, “झालाच समज.” ती रडली. त्यानंतर ‘समज’ हा शब्द कुणीच लक्षात ठेवला नाही.

मी इथे शास्त्रज्ञ नाही. उपकरणांची नोंद ठेवणारा आहे. दर तीन तासांनी आकडे वहीत उतरवतो. यासाठी डॉक्टरेट लागत नाही.

मामीला सांगू नकोस. माझ्यासाठी एवढं कर.

दादा


२१ मार्च

दादा,

पहिली ओळ बदलली. माझी पानं आली. चौऱ्याण्णव पानं आणि एकसष्ट चुका, कारण सात आठवड्यांत यंत्राने माझा मजकूर एकदाही तपासलेला नव्हता. कुठे कंस उघडाच राहिलाय, कुठे तक्ता कागदाबाहेर चाललाय. दहा दिवस हातात आहेत. तेव्हा थोडक्यात लिहिते, तुझ्यासारखं.

मी आपणहून सांगणार नाही. पण आईने समोर बसून विचारलं तर खोटं बोलणार नाही. दोनशे बारा बायकांना मी वचन दिलंय की जे हात दिसतील तेच लिहीन, आणि घरी वेगळं लिहू का? आई परवापासून हातमोज्यांचं काही विचारत नाही. तिला अंदाज असावा. कोपरा तिनेच दाखवला होता.

तिला तू लिही. मोठ्या अक्षरांत लिही, ती सावकाश वाचते.

आणि एक विचारायचं राहिलं. दर तीन तासांनी तू वहीत उतरवतोस ते आकडे कशाचे असतात?

मास्तरीण


२७ मार्च

मामी,

हे पत्र तू स्वतः वाच, मास्तरणीकडून वाचून घेऊ नकोस.

मी डॉक्टर झालेलो नाही. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी लिहिलंच नाही. तू विचारलंस तेव्हा मी झालं असं भासवलं आणि पुढे सहा वर्षं तुला तसंच म्हणू दिलं. तू धुलाईखान्यात माझ्याबद्दल जे सांगितलंस ते माझ्यामुळे खोटं ठरलं.

हातमोज्यांचं मात्र खरं होतं. ते मी पुस्तकात बघून सांगितलं होतं.

मास्तरणीला तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दे. म्हणावं, धुक्याचे. आठ हिवाळ्यांच्या वह्या भरतील, पहिले दोन धरून.

तुझा
भाचा


३ एप्रिल

दादा,

एकतीस तारखेला चार वाजून वीस मिनिटांनी गठ्ठा खिडकीत ठेवला. मॅडमनी पट्टी लावली. पान एक, पान चाळीस, पान चौऱ्याण्णव. मग पट्टी खाली ठेवून त्या हातांच्या तक्त्यावर थांबल्या आणि स्वतःची बोटं उलटीसुलटी करून बघत बसल्या. “माझ्या आईचे असेच होते,” म्हणाल्या. मग शिक्का मारला. पोचपावती आईने तिच्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवली आहे.

तुझं पत्र त्याच संध्याकाळी आलं. आई ते घेऊन स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी बसली आणि ओळीखाली बोट ठेवत वाचत राहिली. वाचून झाल्यावर इतकंच म्हणाली, “सहा वर्षं मी त्या बायकांना काय काय सांगत होते. आता पाळीवर गेल्यावर तोंड मलाच द्यायचंय, त्याला नाही.” दुसऱ्या दिवशी जाऊन तिने सांगितलंही. मी विचारलं, काय म्हणाल्या? तर म्हणाली, “हसल्या. मग एकीने विचारलं, मोजे चालू ठेवायचे ना?” चालू आहेत. तुझ्यावरचा राग पण चालू आहे, तिचाही आणि माझाही. तो टपालाने उतरणार नाही, तू खाली येशील तेव्हाच बघू.

माझं काम झालं, म्हणून लॅपटॉप या गाडीने वर पाठवते आहे. त्यातलं काही पुसलेलं नाही. तुझ्या ‘अपुरा’ फोल्डरमध्ये ‘प्रकरण सहा’ नावाची एक फाईल मी केली आहे. वरच्या सहा ओळी तुझ्याच, पत्ता तुझ्याच मूळ फाईलचा. सातवी ओळ रिकामी आहे. एक वाक्य लिहून सेव्ह कर, ते एकशे त्रेसष्टाव्या पानावर जाऊन बसतं, मी करून पाहिलंय. माझं वाक्य पुसून टाकलं, ते ‘येथे मजकूर येईल’ असं होतं.

दुसरा हिवाळा गाळू नकोस. आठही लिही, जसे असतील तसे.

लॅपटॉपसाठी आईने जुन्या चादरीची पिशवी शिवली आहे आणि कोपऱ्याला चिंधी लावली आहे, धुलाईखान्यात लावतात तशी. लाल दोऱ्याने तुझं नाव घातलंय. नावाच्या आधी बोटभर जागा कोरी आहे. मला वाटलं, मोजायला चुकली. विचारलं तर दोरा तोडत म्हणाली, “चुकली नाही. टाके मागाहूनही घालता येतात.”

मास्तरीण